मदत हवी आहे: टिक (भाव हलायची सर्वात लहान पायरी) अर्ध्या सेंटची झाली तर माझं स्कॅल्पिंग (अगदी छोट्या नफ्याची झटपट खरेदी-विक्री) टिकेल का?

मंडळी, अमेरिकन मार्केटमध्ये तीन वर्षं डे ट्रेडिंग करतोय. शेअर सगळे पाच ते पंधरा डॉलरमधले, व्हॉल्यूम दणकून आणि स्प्रेड (घेणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या भावातला फरक) एका सेंटचा. ब्रोकरचं स्मार्ट राउट (एक्स्चेंज आपोआप निवडणारी सोय) वापरत नाही, ऑर्डर कुठल्या एक्स्चेंजवर जायची ते मीच निवडतो, बिडवर (घेणाऱ्यांच्या सर्वात वरच्या भावाला) लावून रांगेत उभं राहायचं आणि लिक्विडिटी दिल्याचा, म्हणजे ऑर्डर लावून थांबल्याचा, रिबेट (एक्स्चेंज देतं ते पैसे) खिशात घालायचा, एवढाच माझा धंदा (हसू नका).

आता गोची अशी की एसईसीने (अमेरिकन शेअर बाजाराचं नियामक) सप्टेंबर 2024 मध्ये दोन नियम मंजूर केले, पुढे अंमलाची तारीख ढकलली म्हणून मीही बिनधास्त राहिलो. एक म्हणजे ज्या शेअरचा सरासरी स्प्रेड दीड सेंट किंवा कमी त्याला अर्ध्या सेंटची टिक, आणि दुसरं म्हणजे लिक्विडिटी उचलणाऱ्याकडून (लावलेल्या ऑर्डरशी लगेच सौदा करणाऱ्याकडून) एक्स्चेंज जी फी घेतं तिची मर्यादा शेअरमागे 0.3 सेंटवरून 0.1 सेंट. रिबेट त्याच फीतून येतो, म्हणजे तोही आटणार.

काल रात्री कागदावर मांडून बघितलं. 8.42 ला 1000 घेतले, 8.43 ला विकले, 10 डॉलर सुटले. दोन्ही बाजूंचा रिबेट 4, कमिशन 6, हातात 8. स्प्रेड अर्ध्यावर आला तर 5 सुटणार, रिबेट फार तर 2, कमिशन तेच 6, हातात 1. एका डॉलरसाठी आठ हजारांचा माल घेऊन बसायचं! त्यात माझ्या पुढे घुसायला आत्ता सेंट मोजावा लागतो, उद्या अर्ध्यातच काम होईल.

ब्रोकरच्या सपोर्टला विचारलं तर म्हणे आमचं स्मार्ट राउट वापरा. कोणी यातून मार्ग काढलाय का?

प्रतिसाद: दादा, टिक लहान झाली म्हणून प्रत्येक शेअरचा स्प्रेड तेवढा लहान होईलच असं नाही. आधी तुझ्या सौद्यांचा लॉग काढ. बिडवर फिल मिळाल्यावर (ऑर्डर पूर्ण झाल्यावर) दहा सेकंदांनी भाव कुठे होता ते बघ, खाली गेलेला असेल तर रिबेट असतानाही तू मारच खात होतास. आणि एसईसीच्या रूल 606 खाली ब्रोकरकडे मागणी टाक, मागच्या सहा महिन्यांत तुझ्या ऑर्डर कुठे पाठवल्या ते त्याला द्यावंच लागतं.

धागाकर्ता: बघितलं. शेवटच्या 40 फिलपैकी 26 मध्ये भाव खालीच. म्हणजे रिबेटनेच झाकून ठेवलं होतं की काय सगळं 😐 मागणीचा मेल टाकलाय. तोवर तीन-चार सेंट स्प्रेडवाल्या शेअरमध्ये छोट्या साइझने बघतो, तिथे टिक बदलणार नाही ना?

प्रतिसाद: टिक नाही बदलणार. फीची मर्यादा मात्र तिथेही तीच, त्यामुळे रिबेट शून्य धरूनच गणित मांड.