ब्लेंडर शिकण्याआधी चित्रकला यायलाच हवी का?

हिशेबनीस, परभणी

मी मोंढ्यातल्या एका आडत दुकानात जमाखर्च लिहितो. शाळेत मी काढलेला आंबा बटाट्यासारखा दिसे, त्यामुळे एलिमेंटरीच्या परीक्षेला बसण्याचा विचारही कधी केला नाही. गेले चार महिने मात्र दुकान बंद झाल्यावर रात्री ब्लेंडर, म्हणजे संगणकावर त्रिमितीय आकार घडवून ते हलवण्याची (अ‍ॅनिमेशनची) प्रणाली, शिकतो आहे. सुरुवातीला एका क्लासमध्ये चौकशी केली, तेव्हा आधी सहा महिने रेखाचित्राचा वर्ग करा, त्याचे शुल्क वेगळे भरा आणि मगच संगणकाला हात लावा, असे सांगण्यात आले. २००२ पासून मुक्त परवान्याखाली फुकट मिळणारी गोष्ट शिकण्यासाठी ही अट मला अनाठायी वाटते.

मी ब्लेंडरमध्ये केलेल्या उसळत्या चेंडूचेच उदाहरण देतो. पहिल्या प्रयत्नात तो जमिनीवर आपटण्याऐवजी पाण्यात बुडावा तसा अलगद टेकत होता. शोधल्यावर कळले की दोन कीफ्रेममधली, म्हणजे आपण जागा ठरवून दिलेल्या दोन क्षणांमधली, वाट ब्लेंडर आपणहून बेझिए नावाच्या गोलसर वक्राने जोडते, म्हणून प्रत्येक टोकाशी वेग मंदावतो. ही वाट आलेखात दाखवणारा ग्राफ एडिटर उघडून जमिनीवरच्या बिंदूचे हँडल (वक्राला वळण देणारी दांडी) ‘व्हेक्टर’ केले, तिथला गोलावा जाऊन टोक आले आणि चेंडू खरोखर आपटला. यात चित्रकला कुठे आली? हा आलेख आहे, आणि आलेख वाणिज्य शाखेच्या मुलालाही वाचता येतो.

निवृत्त कलाशिक्षक, लातूर

चेंडू बुडतो आहे, हे तुम्हाला आलेखाने सांगितले की डोळ्याने? दुरुस्ती आलेखात झाली हे खरे, पण चूक डोळ्याने पकडली, आणि चित्रकलेच्या तासाला आम्ही शिकवतो ते हेच. शिवाय चेंडूला ना खांदा असतो ना कंबर. उद्या माणूस उभा करा. नवशिका दोन्ही पायांवर सारखा भार देतो आणि पात्र कवायतीला आल्यासारखे ताठ उभे राहते. भार एका पायावर गेला की त्या बाजूची कंबर वर येते, खांदा खाली झुकतो आणि मान तिसरीकडे कलते. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी असाच त्रिभंगात उभा आहे. हे सगळे पन्नास वेळा कागदावर उतरवल्याशिवाय अंगात मुरत नाही, असा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. प्रणाली मधल्या फ्रेम भरून देईल; पहिली आणि शेवटची पोझ तुम्हालाच द्यावी लागेल.

शेतातली पोर, हिंगोली

सर, तुमचा मुद्दा मान्य करूनही माझी फजिती सांगते. माझ्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा ‘अ’ श्रेणीत झाल्या आहेत. पोळ्यासाठी मी लाल कंधारी बैलाचा आठ सेकंदांचा तुकडा केला. शिंगांचा बाक, वशिंड, झुलीवरचे आरसे, सगळे मनासारखे उतरले होते. बाबांनी एकदाच पाहिले आणि म्हणाले, “ह्यो बैल न्हाई, बाज चालायलीय.”

मी डावा मागचा आणि उजवा पुढचा पाय एकदम उचलला होता. ती दुडक्या चालीची रीत झाली. संथ चालणारा बैल आधी मागचा पाय टाकतो, लगेच त्याच बाजूचा पुढचा, मग दुसऱ्या बाजूचा मागचा आणि त्याच्यापाठी पुढचा. चारही खूर वेगवेगळ्या क्षणी पडतात आणि पावलागणिक मान खालीवर होते. शेवटी धुऱ्यावर उभे राहून मोबाइलवर चित्रण केले, ते सावकाश चालवून प्रत्येक खुराची फ्रेम वहीत मांडली आणि कीफ्रेम नव्याने दिल्या. बाबांनी आयुष्यात ब्रश धरलेला नाही, माझ्याकडे दोन प्रमाणपत्रे आहेत. मग कलेची पार्श्वभूमी नेमकी कुणाकडे होती?

इन्व्हर्टरवाला, नांदेड

नवशिक्याला चित्रकलेआधी आमच्याकडच्या विजेचा अभ्यास हवा. ब्लेंडरचे नवे दृश्य मुळातच २५० फ्रेमचे, म्हणजे एकामागून एक २५० चित्रांचे, असते. एका फ्रेमचे अंतिम चित्र काढायला संगणकाला दोन मिनिटे धरली तरी आठ तास वीस मिनिटे झाली. थेट व्हिडिओ काढू नका, प्रत्येक फ्रेमचे सुटे पीएनजी चित्र काढा, म्हणजे वीज गेली तरी राहिलेल्या फ्रेमपासून पुढे सुरू करता येते. हे मला कुठल्याच क्लासने सांगितले नाही.

बीडचा, सध्या पुण्यात

मी स्टुडिओत रिगिंग करतो, म्हणजे पात्राच्या आत हाडांचा सांगाडा बसवून कोणत्या हाडाने कातडीचा किती भाग ओढावा हे ठरवतो. या कामासाठी मला कुणी चित्र काढायला लावले नाही. पायथॉन ही संगणकाची भाषा थोडी येते का, एवढे मात्र विचारले. तेव्हा हिशेबनीसदादा, सगळ्यांना एकच अट लावणे चूकच आहे. पण तुमचा उरलेला युक्तिवाद मला पटत नाही. हौसेने मीही एकदा पात्र हलवायला बसलो आणि एकाच उडीच्या पोझमध्ये तीन रात्री घालवल्या. शेजारच्या सहकाऱ्याने पाठकोऱ्या कागदावर काडीची सहा माणसे काढली आणि उडी पाच मिनिटांत ठरली. ती चित्रे दिसायला वाईटच होती.

हिशेबनीस, परभणी

मग वादच मिटतो, काडीचा माणूस मलाही येतो! सर, डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ साली अ‍ॅनिमेशनची जी बारा तत्त्वे मांडली, त्यात थेट रेखाटनाचे तत्त्व एकच आहे. पूर्वतयारी, वेळेचे भान, टोकाशी मंदावणे वगैरे गोष्टी हालचालीच्या आहेत.

निवृत्त कलाशिक्षक, लातूर

बाराची मोजणी हिशेबनीसालाच शोभते. हालचाल तरी कशाने टिपणार? हिंगोलीच्या ताईंनीही शेवटी वहीच उघडली ना? सहा महिन्यांची सक्ती मलाही अति वाटते, चित्रकलेची अट मात्र मी सोडणार नाही. दुकानासमोर दिवसभर हमाल पोती उचलतात. रोज दहा मिनिटे तेवढेच काढा, आंब्याच्या वाटेला जाऊ नका.

हिशेबनीस, परभणी

सर, आठवडाभर रोजमेळाच्या मागच्या पानांवर काढले. पोते पाठीवर घेण्याआधी हमाल क्षणभर गुडघ्यांत आणखी खाली जातो आणि मग उठतो. इतकी वर्षे समोर बसून हे मला दिसले नव्हते. चित्रातला हमाल अजून बटाट्यासारखाच आहे. क्लासचे शुल्क मात्र मी भरणार नाही.