मशीन किती तास बंद होती, की कधी बंद होती?

माळरान:
पाटोद्याकडच्या पठारावर पवनचक्क्यांच्या साइटला आहे. दर महिन्याच्या मीटिंगला एकच आकडा गाजतो: अव्हेलेबिलिटी, म्हणजे मशीन चालायला तयार असलेला वेळ, ९७ टक्के. वर्षाचे तास ८७६०, म्हणजे उरलेले ३ टक्के झाले जवळपास ११ दिवस. ते ११ दिवस पौषात गेले की आषाढात, कुणी विचारत नाही. वारा दुप्पट झाला की त्यातली ताकद आठपट होते. २ मेगावॅटची पवनचक्की आषाढात पूर्ण भरात असताना १० तास थांबली तर २० हजार युनिट गेले. निम्म्या वाऱ्यात तेवढेच तास थांबली तर अडीच हजारांच्या आसपास. तास मोजणं सोडा, बुडालेले युनिट मोजा. सर्व्हिसच्या तारखा त्यावरून लावा.

सर्व्हिसवाला:
दादा, नोंदच खोटी असली तर युनिट कशाचे मोजणार? गेल्या श्रावणात आमची एक मशीन चार दिवसांत नऊदा पिच फॉल्टवर, म्हणजे पाती वळवणाऱ्या यंत्रणेच्या बिघाडावर, ट्रिप होऊन आपोआप बंद पडली. कंट्रोल रूममधून दर वेळी रिसेट, बंद वेळ वीस-वीस मिनिटं. पाचव्या दिवशी वर चढलो, पाती जिथं जोडतात त्या हबमध्ये शिरलो, तर पिचच्या बॅटरीचं टर्मिनल ढिलं आणि जळून काळं पडलेलं. रिपोर्टात कारण काय? ‘ग्रिड’, म्हणजे दोष बाहेरच्या वीजजाळ्याचा! ग्रिडचा बंद वेळ कंत्राटात कुणाच्याच माथी बसत नाही ना.

माळरान:
मग तुम्ही माझीच बाजू मांडायलात की. सगळे मिळून तीन तास, म्हणून कुणी बघितलं नाही.

सर्व्हिसवाला:
नाही ओ. युनिट मोजले तरी ते ग्रिडच्याच खात्यात गेले असते! आणि आषाढात बंद वेळ वाढतो तो आमच्या आळसानं नव्हे. वारा जास्त असला की वर चढायला परवानगी नाही. काम चाळीस मिनिटांचं, वारा उतरायची वाट आठ तास.

काळं_रान:
मधी बोलतो, शेतकरी आहे. गिअरबॉक्सच्या क्रेनला पावसाळ्यात काळ्या रानात वाट नसती. आमच्याकडं ती उभ्या तुरीतून नेली, चाकं रुतली ती रुतलीच. ही जड कामं उन्हाळ्यात उरकायला काय होतं?

माळरान:
तेच म्हणायलो. मे संपायच्या आत.

सर्व्हिसवाला:
गिअरबॉक्स तारीख सांगून जात नसतो. मे महिन्यात चांगला गिअरबॉक्स उतरवायचा पैसा मालक देणार का? आधी रिपोर्टात दोन रकाने वाढवा: ‘वाऱ्याची वाट’ आणि ‘क्रेनची वाट’. अन् कारण वर चढलेल्या माणसाला भरू द्या.

माळरान:
रकाने मान्य. कारण मात्र एकट्यानं भरायचं नाही, सबस्टेशनच्या नोंदीशी ताडून. तुम्हीही कंत्राटातलेच ना!