गाईडच्या नावावर किती शोधनिबंध आहेत, एवढेच पाहायचे का?

औंधकर:

आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या गटात परवा एक संदेश फिरला. संगणकशास्त्रात पीएचडी करायची असेल तर गाईडचे शोधनिबंध आणि उद्धरणे (इतरांनी त्यांच्या कामाचे दिलेले दाखले) मोजावीत, ज्यांचा आकडा मोठा असेल त्यांच्याकडे अर्ज करावा आणि स्वभाव, वेळ, जुने विद्यार्थी असल्या चौकशांत वर्ष दवडू नये, असा त्याचा आशय होता. त्याखाली चाळीसेक जणांनी अंगठे उमटवलेले पाहून मला राहवले नाही.

दहा वर्षांपूर्वी मी नेमके हेच केले होते. माझ्या पहिल्या गाईडच्या नावावर दीडशेहून अधिक शोधनिबंध होते. पहिल्या दोन वर्षांत आमची समोरासमोर भेट अकरा वेळा झाली आणि त्यांतील सहा भेटी सहामाही अहवालावरील सहीसाठी होत्या. एका प्रकरणाचा मसुदा सात महिन्यांनी परत आला, तेव्हा त्यात फक्त विरामचिन्हे दुरुस्त केलेली होती. शेवटी गाईड बदलला, त्याबरोबर विषय बदलला आणि अडीच वर्षांचे काम बाजूला पडले. दुसऱ्या गाईडच्या नावावर जेमतेम वीस शोधनिबंध होते, पण ते दर गुरुवारी दोन तास बसत आणि माझा कोड ओळीओळीने वाचत.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, त्यांच्याकडे आधी काम केलेल्यांना गाठावे आणि नोंदणीपासून प्रबंध सादर होईपर्यंत किती वर्षे लागली, मसुदा किती दिवसांत परत येतो आणि मध्येच कोण सोडून गेले, हे विचारावे. आपल्या विषयात हे अधिकच महत्त्वाचे आहे, कारण सैद्धांतिक काम करणारा गाईड फळ्यासमोर तुमच्याबरोबर उभा राहिला नाही तर त्याचा उपयोग नाही, सिस्टिम्समध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमसारख्या प्रणालींच्या कामात, पहिली दोन वर्षे नुसती उभारणीत जातात आणि तेवढा धीर गाईडकडे असावा लागतो, तर मशीन लर्निंगमध्ये जीपीयूचा, म्हणजे मोठी आकडेमोड करणाऱ्या महागड्या चिपचा, खर्च कोण करणार हे पहिल्याच दिवशी ठरलेले बरे.

निवृत्त गाईड:

आपल्याला झालेला त्रास खरा आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. आकडा निदान सर्वांना दिसतो आणि पडताळता येतो. जुन्या विद्यार्थ्यांकडे केलेली चौकशी बहुतेक वेळा कुचाळकीत संपते आणि एका नाराज विद्यार्थ्याच्या बोलण्यावरून चांगला गाईड बदनाम होतो. मी सव्वीस वर्षे मुलाखती घेतल्या. "माझा कोणता शोधनिबंध वाचून आलात?" या प्रश्नाला दहांतील आठ जण गप्प बसत आणि उरलेल्या दोघांना मशीन लर्निंगमधील कोणताही विषय चालत असे. जोडी जमवायची तर ती दोन्हीकडून जमते. गाईडची परीक्षा घेण्यापूर्वी विद्यार्थ्याने त्याचे दोन शोधनिबंध तरी वाचावेत, एवढी अपेक्षा गैर नाही.

वाघोलीची शिक्षिका:

निवडीवरची ही चर्चा वाचून मला वाईट वाटले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी 8, सहयोगी प्राध्यापकाला 6 आणि सहायक प्राध्यापकाला 4 विद्यार्थी घेता येतात, आणि निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरला असेल तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. या हिशेबात पुण्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील आम्हा शिक्षकांची संख्या मांडून पाहा. सहयोगी प्राध्यापक व्हायचे तर पीएचडी लागते. मी नऊ जणांना विचारले आणि दहाव्यांनी होकार दिला. माझी निवड तिथेच संपली.

पूर्णवेळ संशोधक:

मॅडम, जागा नाहीत हे खरे आहे, पण त्या जातात कुठे हेही सांगा. मी जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळवून पूर्णवेळ काम करतो. दरमहा 37,000 रुपये मिळतात, फेलोशिपची मुदत पाच वर्षे आहे आणि ते घड्याळ माझ्यासाठी थांबत नाही. ज्यांचे काम वाचून मी या विषयाकडे वळलो, त्या गाईडच्या सर्व जागा ओळखीच्या महाविद्यालयांतील अर्धवेळ शिक्षकांनी भरलेल्या होत्या. त्यांपैकी तिघे वर्षभरात प्रयोगशाळेत फिरकले नाहीत. ज्यांना संशोधन नको आहे आणि केवळ बढती हवी आहे, त्यांनी जागा अडवल्यावर आमच्यासारख्यांनी योग्य गाईड शोधायचा तरी कसा?

वाघोलीची शिक्षिका:

केवळ बढती हवी आहे, हे आपण कशावरून ठरवलेत? मी आठवड्याला अठरा तास शिकवते, मूल्यांकनाच्या फायली भरते आणि पीएचडी चालू असताना पहाटे चार ते साडेसहा लिहायला बसत असे. माझी मुलगी तेव्हा दुसरीत होती. तिच्या तापात मी एका हाताने मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवत दुसऱ्या हाताने आलेख काढले आहेत. मालकाचे ना हरकत प्रमाणपत्र घेऊन अर्धवेळ पीएचडी करण्याची मुभा नियमांनीच दिली आहे. जे फिरकत नाहीत त्यांच्याविषयी अवश्य बोला, पण आम्हा सगळ्यांना एका दोरीत ओवू नका. हे मला फार लागले आहे.

हिंजवडीतला अर्धवेळ:

मीही नोकरी करून पीएचडी करतो आहे आणि माझे दुखणे वेगळे आहे. संपूर्ण काम माझे असताना शोधनिबंधावर गाईडचे नाव पहिले लागले. शिवाय 2016 च्या नियमांतील शोधनिबंधाची सक्ती 2022 च्या नियमांत राहिलेली नाही, तरी गाईड जर्नलच हवे म्हणतात. आपल्या विषयात उत्तम काम आधी परिषदांत प्रसिद्ध होते, हे त्यांना पटत नाही. मग पैसे घेऊन छापणाऱ्या जर्नलकडे विद्यार्थी ढकलला जातो आणि याच आकड्यांवर पुढच्या वर्षीचे विद्यार्थी गाईड निवडतात.

निवृत्त गाईड:

नावाच्या क्रमाबद्दल घाईने दोष देऊ नये. सैद्धांतिक संगणकशास्त्रात नावे वर्णानुक्रमे लावण्याची रीत आहे. कानपूरच्या आयआयटीत 2002 मध्ये एखादी संख्या मूळ आहे की नाही हे बहुपदी वेळात, म्हणजे संख्येतील अंक वाढले तरी वेळ आवाक्यात ठेवून, ठरवण्याची रीत सापडली, तो शोधनिबंध 2004 मध्ये अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्समध्ये आला आणि त्यावर अग्रवाल, कयाल, सक्सेना अशी नावे आहेत. इंग्रजी वर्णक्रमात गाईड पहिला येतो, एवढाच त्याचा अर्थ. आपले काम उपयोजित शाखेतले असेल तर मात्र आपली तक्रार रास्त आहे, हे मला मान्य करावे लागते. पैसे देऊन छापण्याबाबतही मी गाईडची बाजू घेणार नाही.

औंधकर:

सर, म्हणजे आकडा पडताळता येतो हे आपले पहिले म्हणणे निम्मे तरी सुटले. तो आकडा कसा वाढतो हे आपणच आता मान्य केलेत. आणि कानपूरच्या उदाहरणात माझीही बाजू आहे: ते दोन विद्यार्थी तेव्हा नुकतेच बी.टेक. झाले होते आणि गाईड त्यांच्याबरोबर त्याच प्रश्नाशी झुंजत होता. मला हवे ते हेच आहे.

पूर्णवेळ संशोधक:

मॅडम, मी सरसकट बोललो ते चुकले. आमच्या गटात सर्वांत नेमकी टिपणे काढणाऱ्या बाई अर्धवेळच आहेत, हे लिहिताना माझ्या ध्यानात राहायला हवे होते. तरीही जे वर्षभर येत नाहीत त्यांची जागा रिकामी करावी, यावर मी ठाम आहे. संशोधन सल्लागार समितीपुढे दर सत्रात काम मांडणे नियमाने बंधनकारक आहे. ते मनापासून पाहिले गेले तर निम्मा प्रश्न सुटेल.

निवृत्त गाईड:

औंधकर, मध्येच कोण सोडून गेले, या आपल्या तिसऱ्या प्रश्नाने मला रात्री झोप लागली नाही. माझ्याकडे चौदा जणांनी नोंदणी केली आणि तिघे मध्येच सोडून गेले. त्यांपैकी एकालाही मी कारण विचारले नव्हते. चौकशी कुचाळकीत संपते हे माझे मत अजून बदललेले नाही, परंतु त्या तिघांना कोणी माझ्याविषयी विचारले असते तर ते काय म्हणाले असते, ते मला माहीत नाही.

वाघोलीची शिक्षिका:

माझा प्रबंध मागच्या वर्षी मान्य झाला आणि येत्या काळात मला गाईड म्हणून मान्यता मिळेल. माझ्या वाट्याला चार जागा येतील. त्यांतील दोन मी पूर्णवेळ विद्यार्थ्यांसाठी ठेवणार आहे आणि नोंदणीपूर्वी दोन महिने दर शनिवारी एकत्र बसून शोधनिबंध वाचायचे, त्यानंतरच दोघांनी होय किंवा नाही म्हणायचे, असे ठरवले आहे. नकार देण्याचा हक्क विद्यार्थ्यालाही असेल. पूर्णवेळ संशोधक, आपल्या ओळखीत डेटाबेसमध्ये रस असलेले कोणी असेल तर त्यांना हे कळवा.