आईचा चेहरा स्थिर झाला आहे, तिच्या मनातले कसे ओळखावे?

दादरकर लेक:
माझी आई ७२ वर्षांची असून तिला पार्किन्सन्स झाल्याला पाच वर्षे झाली. हाताचा कंप औषधांनी बराच आटोक्यात आहे, घरातल्या घरात ती नीट चालते. पण गेल्या वर्षभरात तिच्या चेहऱ्यावरचे भाव जवळजवळ नाहीसे झाले आहेत. हा आजाराचाच भाग आहे असे डॉक्टरांनी सांगितले आणि मला ते समजतेही. मात्र गेल्या रविवारी माझ्या सहा वर्षांच्या मुलीने स्वतः काढलेले चित्र आजीला नेऊन दिले, तेव्हा आईने ते दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिले, चेहऱ्यावर काहीच उमटले नाही, आणि मुलगी स्वयंपाकघरात येऊन मला विचारू लागली, “आजी माझ्यावर रागावली आहे का?” रात्री अंथरूण घालताना ते चित्र मला आईच्या उशीखाली सापडले.

माणूस दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून भावना नेमकी कशी ओळखतो? आणि जिथे भावच नाही तिथे आपल्याला राग का दिसतो?

पार्लेकर अध्यापिका:
मी मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडे सविस्तर देते. चेहऱ्यावरचे भाव सर्व माणसांमध्ये सारखे असतात, हा विचार डार्विनने १८७२ मध्ये मांडला. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांनी पापुआ न्यू गिनीतील फोरे लोकांना लहानशा गोष्टी सांगून, प्रत्येक गोष्टीला जुळणारा चेहरा छायाचित्रांतून निवडायला सांगितला. आनंद, दुःख, राग, किळस हे भाव त्यांना बऱ्यापैकी ओळखता आले, भीती आणि आश्चर्य यांत मात्र गल्लत झाली. पुढे २०१६ मध्ये त्याच देशातील ट्रोब्रिआंड बेटांवर झालेल्या अभ्यासात, विस्फारलेले डोळे आणि उघडे तोंड असा जो चेहरा आपण घाबरलेला म्हणू, तो तेथील लोकांना धमकावणारा वाटला. तेव्हा चेहरा म्हणजे सर्वांना सारखीच वाचता येणारी लिपी आहे, असे आता ठामपणे म्हणता येत नाही.

माझ्या दृष्टीने आपल्या प्रसंगाला सर्वांत जवळचा प्रयोग २०१२ चा आहे. महत्त्वाचा गुण जिंकलेल्या आणि हरलेल्या टेनिसपटूंची छायाचित्रे लोकांना दाखवली. नुसता चेहरा पाहून कोण जिंकले आणि कोण हरले हे त्यांना सांगता येईना, पण नुसते शरीर पाहून सांगता आले. एकाचा चेहरा दुसऱ्याच्या शरीरावर बसवला, तर निर्णय शरीराप्रमाणे बदलला. अखंड छायाचित्र पाहणाऱ्यांची मात्र, आपण हे चेहऱ्यावरूनच ओळखतो, अशी समजूत होती. म्हणजे प्रसंग, देहबोली आणि आवाज यांतून जमवलेला अर्थ आपण नकळत समोरच्याच्या चेहऱ्यावर ठेवतो आणि तो तिथेच होता असे मानतो.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल माझे मत असे की, आपल्या मुलीला राग दिसलाच नसावा. अपेक्षित प्रतिसाद आला नाही, एवढेच तिला दिसले आणि त्याचे कारण तिने स्वतःमध्ये शोधले. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांच्या १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आयांनी आपला चेहरा काही मिनिटे निश्चल ठेवला, तेव्हा काही महिन्यांची बाळेसुद्धा आधी आईला हसवू पाहत आणि मग मान फिरवून घेत. आजीच्या चेहऱ्याचे स्नायू मनाचे ऐकत नाहीत, हे मुलीला सोप्या शब्दांत जरूर सांगा. सहा वर्षांच्या मुलांना ते समजते.

तिसरी घंटा:
मी अनेक वर्षे हौशी रंगभूमीवर काम केले आहे. शिवाजी मंदिर नाट्यगृहाच्या बाल्कनीत शेवटच्या रांगेत बसलेल्या प्रेक्षकाला नटाचा चेहरा जेमतेम दिसतो, तरीही पात्राच्या मनातले त्याच्यापर्यंत पोहोचते. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात नुसत्या दृष्टीचे ३६ प्रकार सांगितले आहेत, म्हणजे चेहऱ्याचे महत्त्व त्यांनी कमी लेखले नाही. परंतु अभिनयाचे आंगिक (शरीराच्या हालचालींचा), वाचिक (वाणीचा), आहार्य (वेशभूषेचा) आणि सात्त्विक (आतल्या भावाचा) असे चार भेद करून त्यांनी सगळा भार चेहऱ्यावर टाकलाही नाही. आपण लिहिले आहे की आईंनी चित्र दोन्ही हातांत धरले आणि बराच वेळ पाहिले. ज्यांच्या हाताला कंप आहे त्यांनी कागद इतका वेळ धरून ठेवणे, हा माझ्या लेखी फार स्पष्ट आंगिक अभिनय आहे. त्यांचे हात पाहायला मुलीला शिकवा.

गिरगावकर:
माझ्या वडिलांना हाच आजार होता, म्हणून दोन गोष्टी सांगतो. या आजारात पापण्यांची उघडझाप कमी होते आणि आवाजही खोल जातो, त्यामुळे बोलण्यातला चढउतारही आधाराला राहत नाही. प्रश्न विचारल्यावर आम्ही लगेच दुसरा प्रश्न विचारत असू आणि त्यांचे उत्तर बाहेर येण्याआधीच हरवत असे. थांबायला शिकलो तेव्हा ते बोलू लागले. दुसरे म्हणजे, स्थिर चेहऱ्याआड नैराश्य असले तरी घरच्यांना ते दिसत नाही, आणि पार्किन्सन्समध्ये नैराश्य बऱ्याच जणांना येते. झोप, भूक, आवडीच्या गोष्टींतला रस यांवर लक्ष ठेवा आणि डॉक्टरांना स्वतःहून विचारा. आवाजासाठी वाचा-उपचारतज्ज्ञांची मदत होते. ती आम्ही फार उशिरा घेतली, याचे मला आजही वाईट वाटते.

दादरकर लेक:
सर्वांचे मनापासून आभार. काल दुपारी मुलीला आईच्या अगदी जवळ बसवून मी चित्राबद्दल विचारले आणि मध्ये काहीही न बोलता थांबले. बऱ्याच वेळाने आई म्हणाली, “सगळी मुलं समुद्र निळा काढतात. आपल्या चौपाटीचा मातकट असतो, तो हिने मातकट काढलाय.” चेहरा होता तसाच होता, पण बोलताना तिचे बोट कागदावरच्या लाटांवरून फिरत होते आणि मुलगी त्या बोटाकडे पाहत होती. वाचा-उपचारतज्ज्ञांची पुढच्या आठवड्यातली वेळ घेतली आहे. पहिल्या भेटीला आईबरोबर मुलीलाही नेले तर चालेल का?