घरचा लँडलाइन बंद करून फायबरवरचा फोन: नंबर तोच राहील का, आणि गुरुवारी वीज गेली तर?

कावेरी_ते_मुठा विचारतात:

पुण्यात सहकारनगरला आई-वडिलांकडे तांब्याच्या तारेवरचा जुना लँडलाइन आहे, ०२० चा आठ आकडी नंबर. केबल आता दुरुस्त होणार नाही, फायबरवर या, असा निरोप मिळालाय. दोघंही ऐंशीच्या आसपास. मोबाइल आहेत, पण त्यांना टेबलावरचा, रिसीव्हर उचलला की डायलटोन देणारा फोनच हवाय. इंटरनेट फारसं लागत नाही. माझे प्रश्न:

नंबर तोच ठेवून दुसऱ्या कंपनीकडे जाता येतं का? गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते तेव्हा फोन चालेल का? हॉल आणि बेडरूम असे दोन फोन भिंतीतल्या वायरवर आहेत, ती वायर वापरता येईल का? एक जुना चकतीचा फोनही आहे, बाबांना तो ठेवायचाय. आणि स्पीड कमीत कमी किती घ्यावा?

रोझेट यांचं उत्तर:

नंबरपासून सुरू करू, कारण कंपनी कुठली हे त्यावरच ठरतं. भारतात नंबर पोर्ट करण्याची सोय फक्त मोबाइलला आहे, लँडलाइनला नाही. जिओ किंवा एअरटेलकडे गेलात तर नवा नंबर मिळेल, ०२० नेच सुरू होणारा, पण नवा. जुना नंबर टिकवायचा असेल तर त्याच कंपनीच्या फायबरवर जायचं. बीएसएनएलमध्ये तांब्यावरचा नंबर फायबरवर नेता येतो. अर्जात मात्र 'कनेक्शन बंद करणे' हे शब्द येऊ देऊ नका. 'तांब्यावरून फायबरवर रूपांतर, नंबर तोच' असं स्पष्ट लिहा आणि पोच घ्या. बंद करण्याचा अर्ज गेला की नंबर सोडल्यासारखा होतो, मग परत मिळवणं जिकिरीचं.

नवा नंबर चालणार असेल तर निदान एक बिलिंग महिना दोन्ही लाइन चालू ठेवा. बँक, गॅस एजन्सी, विमा, पेन्शनची कागदपत्रं, सोसायटीचं रजिस्टर, दवाखान्याची फाइल, जिथे जिथे जुना नंबर दिलाय तिथे बदलायला तेवढा वेळ लागतोच.

आता घरातली वायर. फायबर ज्या डब्यात येतो त्याला ओएनटी म्हणतात. त्याच्या पाठीवर लॅनच्या रुंद खाचांशेजारी एक अरुंद खाच असते, तिच्यावर 'टेल', 'फोन' किंवा 'पॉट्स' असं इंग्रजीत छापलेलं असतं. फोनची पिन तिथेच जाते. ती लॅनच्या खाचेतही सैलसर बसते, म्हणून 'पिन लावली पण डायलटोन नाही' ही तक्रार फार येते. अशी खाच आहे का ते ओएनटी घेण्याआधीच बघा, कारण काही स्वस्त ओएनटींना फोनची खाच नसतेच. अर्ज करतानाच 'व्हॉइस पोर्ट असलेला ओएनटी' असं सांगून ठेवा.

भिंतीतली जुनी वायर वापरता येते, पण एक काम आधी करायचं, आणि हे वगळलं तर पोर्ट जळू शकतो: बाहेरून येणारी एक्स्चेंजची दोन तारांची जोडी घरातल्या वायरपासून पूर्ण तोडा. जुनी लाइन 'डेड' दिसली तरी तिच्यावर सुमारे ४८ व्होल्ट डीसी असू शकतात, आणि रिंगच्या वेळी त्याहून बरेच जास्त एसी. ओएनटीचा पोर्ट स्वतःच वीज सोडतो, समोरून दुसरी वीज आली की संपलं. मुख्य रोझेटचं, म्हणजे भिंतीवरच्या फोनच्या डबीचं, झाकण उघडा, बाहेरची जोडी दोन्ही स्क्रूंवरून काढा, टोकांना वेगवेगळी टेप गुंडाळा. मग मल्टिमीटर डीसीवर ठेवून घरातल्या जोडीवर शून्य येतंय का बघा. शून्य आलं तरच ओएनटीची वायर त्या रोझेटला जोडा. फोनच्या पिनमधल्या मधल्या दोनच तारा लागतात, लाल-हिरवी उलटसुलट झाली तरी साध्या फोनला फरक पडत नाही. जुना ब्रॉडबँड घेतला असेल तर फोन आणि इंटरनेट वेगळं करणारी स्प्लिटरची पांढरी डबी मध्ये राहिलेली असते, तीही काढून टाका. आता तिचं काही काम नाही.

दोन फोन आरामात चालतात, तिसराही बहुधा चालेल. एक्स्चेंज एका वेळी जेवढ्या घंटा वाजवू शकत होतं तेवढी ताकद या डब्यात नसते. फोन जास्त झाले की रिंग अशक्त येते, किंवा अर्धी रिंग वाजून थांबते आणि करणाऱ्याला फोन उचलल्यासारखं वाटतं. असं झालं की एकेक फोन काढून बघा.

चकतीच्या फोनबद्दल बाबांना आधीच सांगून ठेवा. आत आलेला कॉल त्यावर बहुधा वाजेल, बोलताही येईल, पण बाहेर फोन लावणं अवघड. चकती आकडे ठोक्यांनी पाठवते आणि बरेच ओएनटी ठोके ओळखत नाहीत, त्यांना फक्त सूर कळतात. आतली लोखंडी घंटाही रिंगची बरीच ताकद खाते. शोभेला आणि उचलायला ठेवा, लावायला बटणाचा. बटणाच्या फोनच्या बुडाशी टी आणि पी असा खटका असतो, तो टी वर हवा.

बारा_व्होल्ट यांचं उत्तर:

वरचं सगळं बरोबर, पण वयस्कर लोकांच्या घरात कंपनीपेक्षा विजेचा प्रश्न मोठा. जुन्या फोनला वीज एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांची मिळायची, म्हणून घरात अंधार असला तरी डायलटोन असायचा. फायबर काचेचा, त्यातून वीज येत नाही. ओएनटी बंद की फोन बंद.

घरात इन्व्हर्टर असेल तर ओएनटी त्याच्याच सॉकेटवर घ्या आणि इन्व्हर्टरवर 'यूपीएस' आणि 'इको' असा खटका असेल तर 'यूपीएस'वर ठेवा. इकोवर वीज बदलायला जो क्षण लागतो तेवढ्यात ओएनटी बंद पडून परत सुरू होतो, आणि त्यानंतर फोनची नोंदणी होईपर्यंत दोन ते पाच मिनिटं डायलटोन येत नाही.

इन्व्हर्टर नसेल तर राउटरचा छोटा डीसी यूपीएस घ्या. घेण्याआधी ओएनटीच्या अडॅप्टरवरचा आकडा वाचा: बहुतेक १२ व्होल्ट, १ ते २ अँपिअर. यूपीएसचा आउटपुट तेवढ्याच व्होल्टचा आणि तेवढ्या किंवा जास्त अँपिअरचा हवा. पिन ५.५ मिमीची असते, पण आतलं भोक २.१ की २.५ हे जुळवा, नाहीतर सैल बसते आणि हात लागला की ओएनटी झोपतो.

किती वेळ चालेल याचं गणित खोक्यावरच्या मोठ्या आकड्यावरून करू नका. '८८०० एमएएच' हा आकडा आतल्या सेलचा, म्हणजे ३.७ व्होल्टचा असतो. ८.८ गुणिले ३.७ म्हणजे साधारण ३२ वॉट-तास. १२ व्होल्ट करताना पंधरा-वीस टक्के उष्णतेत जातात, राहिले २६-२७. ओएनटी ८ वॉट खात असेल तर सव्वातीन तास. गुरुवारची वीज सकाळी गेली की दुपार होते, तेव्हा हा यूपीएस पुरणार नाही. दुप्पट क्षमतेचा बघा, किंवा वीज नसताना ओएनटीचं वाय-फाय बंद ठेवा, थोडा वेळ वाढतो. सेल दोन-तीन वर्षांत मऊ पडतात, तेव्हा दर सहा महिन्यांनी प्लग काढून घड्याळ लावा.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. कॉर्डलेस फोनच्या बेसलाही वीज लागते. ओएनटीला यूपीएस दिला आणि फोन मात्र कॉर्डलेस, तर अंधारात दोन्ही निरुपयोगी. वायरचा साधा फोन त्या पोर्टवरूनच वीज घेतो, किमान एक तरी तसा ठेवा.

घराबाहेरचंही विचारा. फायबरच्या वाटेत प्रकाश वाटून देणारे स्प्लिटर विजेशिवाय चालतात, पण कंपनीच्या टोकाला ओएलटी नावाचं यंत्र असतं, त्याला वीज लागते. एक्स्चेंजमध्ये असेल तर मागे मोठ्या बॅटऱ्या आणि जनरेटर असतो. बीएसएनएलचा फायबर बऱ्याच ठिकाणी स्थानिक भागीदार देतात, आणि ओएलटी त्यांच्या गाळ्यातही असू शकतो. तेव्हा 'ओएलटी कुठे आहे आणि त्याला बॅकअप किती तासांचा' हा प्रश्न प्लॅनच्या किमतीआधी विचारा. उत्तर टाळणाऱ्याला टाळा.

कावेरी_ते_मुठा:

हे फार उपयोगी. स्पीडचं राहिलं. आणि बँकेच्या हेल्पलाइनवर आकडे दाबले तरी पलीकडे समजत नाहीत असं ऐकलंय, ते खरं का?

जिटर यांचं उत्तर:

स्पीडची काळजी सोडा. एका संभाषणाला, जुन्या एक्स्चेंजच्या दर्जाचं जी.७११ हे कोडेक (आवाजाचे आकडे करायची पद्धत) वापरलं तरी, पॅकेटच्या वेष्टनासकट दोन्ही दिशांना ९० केबीपीएसच्या आत लागतात. सगळ्यात लहान प्लॅन पुरतो. शिवाय कंपनीने दिलेल्या फोनचा आवाज इंटरनेटपासून वेगळ्या व्हीलॅनवरून, म्हणजे त्याच फायबरमधल्या राखीव मार्गावरून, जातो, त्यामुळे नातवंडं व्हिडिओ बघत असली तरी आवाजाला प्राधान्य मिळतं. आवाज तुटतो तो स्पीड कमी म्हणून नाही, पॅकेट वेळेवर न पोचल्याने किंवा फायबरचा सिग्नल अशक्त असल्याने. जोडणीच्या दिवशी ओएनटीला मिळणारा प्रकाश मोजायला सांगा. उणे १५ ते उणे २४ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप) ठीक. उणे २७ च्या पलीकडे असेल तर पावसाळ्यात जोड दमट झाला की ओएनटीवरचा, सिग्नल गेल्याचा तांबडा दिवा लागायची वाट बघा.

आकड्यांचं खरं आहे, पण उपाय आहे. बटणाचा सूर आवाजासोबतच पाठवला आणि वाटेत जी.७२९ सारखं आवाज आवळणारं कोडेक असेल तर सूर बिघडतो, पलीकडचं यंत्र ओळखत नाही. आकडे वेगळ्या संदेशाने पाठवायची पद्धत असते, तिला आरएफसी २८३३ म्हणतात. हे सेटिंग कंपनीच्या हातात असतं. तक्रार करताना नुसतं 'फोन नीट नाही' म्हणू नका, 'डीटीएमएफ आयव्हीआरला पोचत नाही, आरएफसी २८३३ करा' असं सांगा (डीटीएमएफ म्हणजे बटणांचे सूर, आयव्हीआर म्हणजे आकडे दाबायला सांगणारं यंत्र), तक्रार योग्य माणसाकडे जाते.

माणूस जोडून निघायच्या आत एवढं करून घ्या. मोबाइलवरून फोन करून सहा-सात रिंग वाजू द्या, दोन्ही खोल्यांत. नंबर पडद्यावर दिसतो का बघा. जुने कॉलर आयडी फोन डीटीएमएफ पद्धतीचे असतील आणि ओएनटी एफएसके या दुसऱ्या पद्धतीने नंबर पाठवत असेल तर पडदा कोरा राहतो. फोनच्या मेन्यूत पर्याय नसेल तर फोन बदलावा लागतो. मग बँकेच्या हेल्पलाइनवर दोन-चार आकडे दाबून बघा. शेजारच्या लँडलाइनला कोडसह आणि कोडशिवाय, दोन्ही प्रकारे लावून बघा. शेवटी एक कॉल चाळीस मिनिटं चालू ठेवा. दर वेळी ठीक १५ किंवा ३० मिनिटांनीच तुटत असेल तर तो सेशन टायमरचा (कॉल चालू आहे का ते ठरावीक वेळाने तपासणाऱ्या घड्याळाचा) दोष, तोही कंपनीकडचा. वायर तपासत बसू नका.

आणि फोनमध्ये साठवलेले मोबाइल नंबर पुन्हा बघा. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला आधी शून्य लावावा लागतो. नव्या फोनमध्ये नंबर भरताना तो शून्य हमखास राहतो. ११२ आणि १०८ मात्र तसेच, शून्य न लावता. हे दोन नंबर चाचणीसाठी लावू नका.

घाटमाथा यांचं उत्तर:

उलट मत मांडतो. इंटरनेट लागतच नसेल तर फायबर कशाला? सिमवर चालणारा टेबलफोन घ्या. दिसायला लँडलाइनसारखा, आत सिम आणि बॅटरी. वीज गेली तरी काही तास चालतो, वायर नाही, ओएनटी नाही. नंबर मोबाइलचा, त्यामुळे पुढे कंपनी बदलली तरी तोच राहतो. फक्त ४जी व्होल्टी (४जीवरूनच कॉल) असलेलाच घ्या. बाजारात स्वस्तात मिळणारे २जीचे फोन जिओच्या सिमवर चालणार नाहीत, जिओला २जी नाहीच. रेंज कमी असेल तर बाहेरचा अँटेना लागणारं मॉडेल बघा.

रोझेट:

घाटमाथा, इंटरनेट नको असणाऱ्यांसाठी मान्य. पण इथे दोन खोल्यांत फोन हवेत आणि नंबर जुना. सिमचा फोन दुसरा फोन म्हणून ठेवावा, वीज आणि फायबर दोन्ही गेले तर उपयोगी पडेल.

ॲपचा पर्याय कुणी सुचवला तर विचार करून घ्या. २०१८ मध्ये इंटरनेटवरून फोन नंबरला कॉल करायच्या सेवांना सरकारने मार्ग मोकळा केला आणि बीएसएनएलने त्याच वर्षी विंग्ज ही ॲपवरची सेवा आणली. जिओ फायबरचाही लँडलाइन नंबर ॲपमधून मोबाइलवर घेता येतो. बाहेरगावी असताना घरचा फोन उचलायला छान, पण ऐंशीच्या माणसाचा मुख्य फोन ॲपवर नको. अपडेट आला, लॉगिन गेलं, की फोन गेला.

गेटवरचा_इंटरकॉम:

सोसायटीत ईपीएबीएक्स (आतले फोन एकमेकांना जोडणारं छोटं एक्स्चेंज) असलेल्यांसाठी एवढंच: ओएनटीचा फोन पोर्ट ईपीएबीएक्सच्या सीओ लाइनला, म्हणजे बाहेरच्या लाइनच्या जागी, जोडता येतो, पण समोरच्याने फोन ठेवल्यावर लाइन सुटत नाही अशी तक्रार येते. ईपीएबीएक्समध्ये बिझी टोनच्या ठोक्यांची वेळ ओएनटीच्या टोनशी जुळवून भरा. फॅक्स असेल तर वेग ९६०० वर आणा आणि ईसीएम (फॅक्सची चुका दुरुस्त करायची सोय) बंद करा, तरी खात्री नाही.

कावेरी_ते_मुठा:

आभार सगळ्यांचे. फायबर, नंबर तोच, दोन वायरचे फोन, मोठा यूपीएस असं ठरतंय. काही बिघडलं तर आई-बाबांना फोनवरून काय करायला सांगू?

बारा_व्होल्ट:

ओएनटीच्या मागचं बटण बंद, मनात तीसपर्यंत मोजा, पुन्हा चालू, पाच मिनिटं थांबा. इतकंच. काडी घालून दाबायचं बारीक भोक असतं, त्याला हात लावायचा नाही. त्याने फोनची सगळी नोंदणी पुसली जाते, आणि वाय-फाय आपण घरी भरू शकलो तरी फोनचं सेटिंग कंपनीलाच पुन्हा घालावं लागतं. त्या भोकावर आधीच चिकटपट्टी लावून टाका.