सपाट रानात पॉवर वाढवायची की बांबू?

शिवारकर: विहिरीवरची मोटर घरून चालू-बंद करायला ८६६ मेगाहर्ट्झचा रेडिओ लावलाय. परभणीकडचं काळं सपाट रान, अंतर ३ किलोमीटर. सिग्नल कधी येतो, कधी नाही. दुकानदार म्हणतो, दुप्पट पॉवरचं घ्या. मी म्हणतो पैसे पाण्यात. विहिरीवरचा अँटेना दीड मीटरवर आहे, तो तीनवर न्या. थेट आलेली लाट आणि जमिनीवरून परतलेली लाट जवळपास सारखंच अंतर कापतात, पण परतलेली उलटी होऊन येते. दोघी एकमेकींना खातात. उरलंसुरलं अंतराच्या चौथ्या घातानं घटतं, उंचीच्या वर्गानं वाढतं. पॉवर दुप्पट केली तर ३ डेसिबल, म्हणजे सिग्नल दुप्पट; उंची दुप्पट केली तर ६, म्हणजे चौपट.

तारवाला: चौथा घात काहून? शाळेत तर वर्ग शिकवला होता.

शिवारकर: तो मोकळ्या आकाशातला. जमिनीलगत तो थोड्याच अंतरापर्यंत चालतो. ते अंतर असं काढा: दोन्ही उंच्यांचा गुणाकार करा, चारनं गुणा, तरंगलांबीनं भागा. घरचा अँटेना ६ मीटर, विहिरीचा दीड, तरंगलांबी ३५ सेंटिमीटर. आले शंभरेक मीटर. त्यापुढं अंतर दुप्पट झालं की सिग्नल सोळावा हिस्सा.

मीडियमवेव्ह: आणि माती? परभणी आकाशवाणी १३०५ किलोहर्ट्झवर दिवसा जमिनीलगतच पोचते, ओल्या काळ्या मातीवर तर लई लांब. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ सोमरफेल्डनं १९०९ मध्ये ते गणित मांडलं, त्यात मातीची वाहकता आहे. तुमच्या सूत्रात ती दिसत नाही.

शिवारकर: तिथं तरंगलांबी २३० मीटर, मनोराच जमिनीवर उभा. थेट आणि परतलेली लाट एकमेकींना पुसून टाकतात, उरते ती मातीला धरून चालणारी. माझी लाट जमिनीला पाव अंशाहूनही कमी कोनात टेकते. तेवढ्या तिरक्यात ओली काय, कोरडी काय, माती सारखीच उलटवते.

ऊसवाला: कागदावर समदं रान सपाटच असतंय हो. माझं जूनमध्ये झकास चालायचं, दिवाळीला बंद. ऊस अँटेनाच्या वर गेला! पाचट कुठाय सूत्रात?

शिवारकर: ऊस मान्य. पण औषध तेच ना, उंची.

ऊसवाला: अन् मृगात कडाडायला लागलं की उघड्या रानात सगळ्यात उंच काय?

शिवारकर: लोखंडी पाइप नाही, बांबू लावू.

ऊसवाला: बांबूवरून खाली येणारी वायर तांब्याचीच ना?