चिन्हं भरायच्या कोड्यांत कंस असावेत का?

अंकपाळ: आकड्यांमध्ये चिन्हं भरून ठरावीक उत्तर आणायचं, अशा कोड्यांत कंस नकोत. नियम मोजके असले की डोकं चालवायला जागा राहते. १ ते ९ क्रमाने, उत्तर १००, फक्त अधिक-उणे, शेजारचे अंक जोडायची मुभा. जागा आठ, प्रत्येकी तीन पर्याय, म्हणजे ६५६१ शक्यता. पण अंकांची बेरीज ४५, नऊने निःशेष. अंक जोडले तरी नवाची बाकी बदलत नाही आणि १०० ची बाकी १ आहे, त्यामुळे नुसत्या अधिकाने जमणारच नाही. उणे होणाऱ्या अंकांची दुप्पट ४५ मधून जाते आणि नऊने भागून बाकी १ उरायला हवी, म्हणून उणे होणाऱ्या अंकांची बेरीज ४, १३, २२ अशीच हवी. १२३−४५−६७+८९ मध्ये ४+५+६+७ = २२. कंस आले की ही कसोटी गेली.

तिरकस: कसोटी कंसाने नाही, गुणाकार-भागाकाराने जाते. नुसत्या अधिक-उण्यात कंस फक्त आतली चिन्हं उलटवतो, बाकीचं गणित तेच. आणि कंस काढले तर ८ ३ ८ ३ = २४ हे कोडंच मरतं. उत्तर ८÷(३−८÷३). पूर्णांकांत अडकलेला इथे हरतो. शेवटून मागे यावं लागतं: ८ ला १/३ ने भागलं की २४, आणि १/३ म्हणजे ३ वजा ८/३.

अंकपाळ: आज कंस, उद्या वर्गमूळ, परवा लॉग (पायाचा कितवा घात घेतला की ती संख्या येते, ते). भौतिकशास्त्रज्ञ पॉल डिरॅकने फक्त तीन २ घेऊन कोणतीही नैसर्गिक संख्या मांडून दाखवली: २ वर तितकी वर्गमुळं, मग पाया २ चा लॉग दोनदा, वर एक उणे चिन्ह. मग कोडं उरलं कुठे?

बेरीजवजा: लॉगवर सहमत, कंसावर नाही. कंस ही क्रिया नव्हे, क्रम आहे. आणि क्रमातच लोक चुकतात. कंचेभागुबेव (क्रियांचा क्रम लक्षात ठेवायचं शाळेतलं सूत्र, ज्यात बेरीज वजाबाकीच्या आधी येते) शब्दशः घेऊन १०−४+३ मध्ये आधी बेरीज करतात, उत्तर ३. बरोबर ९, कारण बेरीज-वजाबाकीचा दर्जा एकच, डावीकडून उजवीकडे जायचं. ८÷४×२ चंही तसंच: ४, १ नव्हे.

अंकपाळ: मग ‘डावीकडून उजवीकडे’ एवढं कोड्याखाली छापा. तिरकस यांचं उत्तरही आडव्या रेघेचा अपूर्णांक करून बिनकंसाचं लिहिता येतं.

तिरकस: छेदात अख्खी वजाबाकी धरून ठेवणारी ती रेघ कंसाचंच काम करते. फक्त दिसत नाही.